साडेचार गुंजा कमी

शेवटी मथुराबाईंनी तो रुपया गिळला. भर बाजारात, सरकारी माणसासमोर, घोटभर पाण्याबरोबर.

असं काही घडलेलं नाही. सरकारी कागदात तशी नोंद नाही, घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे, आणि डॉक्टरांनी त्या दिवसाच्या पानावर नुसतं ‘पोट’ एवढंच लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलेलंच नाही असं धरू आणि सुरुवातीपासून निघू. म्हणजे हिंगापासून.

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मथुराबाईंचं हिंगाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, ओट्यावर एक डबा, डब्यात हिंग आणि डब्यामागे मथुराबाई. कापूर, जायफळ, केशर असंही थोडं होतं, पण हिंगाच्या शेजारी राहून त्या सगळ्यांनी आपापला वास कधीच सोडून दिला होता. टांग्यात झोपलेल्या माणसालासुद्धा डोळे न उघडता कळायचं की राजघाट आला.

हिंग तोळ्याने विकला जाई, आणि तोळ्याचं वजन म्हणून त्या एक जुना चांदीचा रुपया पारड्यात टाकत. इंग्रजांच्याही आधीचा, बादशाही काळातला, आणि पाडलाही होता बुऱ्हाणपूरच्याच टांकसाळीत. रुपया म्हणजे तोळा, हा पुष्कळ दुकानदारांचा जुना शिरस्ता. मथुराबाईंचे यजमान भाईदास यांनी याच रुपयाने तीस वर्षं हिंग तोलला. ते गेल्यावर नऊ वर्षं मथुराबाई तोलत होत्या. बाजारात ‘भाईदासचा तोळा’ म्हटलं की पुढे बोलणं नसे. दोन सराफ वजनावरून भांडायला लागले तर तिसरा म्हणायचा, “गळे कायले फाडता? जा, भाईदासकडून तोलून आणा.” ते जाऊन तोलून आणत. अंगठीला चार दिवस हिंगाचा वास येई, पण भांडण मिटे.

रुपया मात्र आता झिजून झिजून बत्ताशासारखा गुळगुळीत झाला होता. एका अंगाला फारसी अक्षरांत गावाचं नाव होतं. एका मौलवीसाहेबांनी तो उन्हात धरून, डोळे बारीक करून सांगितलं होतं, “यहाँ ‘बुऱ्हाण’ है. ‘पूर’ गेला.” तापीकाठच्या लोकांना ते ऐकून बरंच वाटलं होतं.

तो ‘पूर’ चोराने नेला नव्हता, चिंचेने नेला होता. दर लक्ष्मीपूजनाला देवांबरोबर, टाकांबरोबर आणि तराजूबरोबर हा रुपयाही चिंच आणि राख लावून खसाखसा घासला जाई. हळद-कुंकू वाहायचं ते स्वच्छ वस्तूवर, अशी घरची रीत. एकोणचाळीस दिवाळ्यांची भक्ती त्या रुपयावरून गेली होती, आणि जाताना दरवेळी थोडी चांदी घेऊन गेली होती.

साल होतं छप्पन्नचं. एक नोव्हेंबरला नवीन मध्य प्रदेश झाला. बुऱ्हाणपूर जागचं तसूभर हललं नाही, पण राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. महिनाभर चहाच्या दुकानात एकच विचारणा चाले, “म्हणजे आता आपण कुठे गेलो?” त्यावर उत्तर ठरलेलं होतं, “आपण कुठेच नही गेलो भाऊ. बाकीचे गेले.” शिवाय येत्या एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे येणार होते, आणि मागाहून तोळे-मासेही जाणार अशी बोलवा होती. सगळ्यांना एका मापात बसवायचं सरकारने मनावर घेतलं होतं. जे बसत नव्हतं त्याची तपासणी होणार होती.

अशा वेळी लीलाधरभाऊंना संधी दिसली. लीलाधर समोरच्या दुकानात बसत. तेही हिंगच विकत. त्यांच्याकडे सरकारी शिक्क्याची चकचकीत पितळी वजनं होती, काचेचं कपाट होतं आणि गिऱ्हाईक नव्हतं. एके सकाळी चार बायका ओट्यापुढे उभ्या असताना ते रस्ता ओलांडून आले.

“वहिनी, एक विचारू? रागावणार नही ना?”

“रागावेन. विचारा.”

“हा रुपया आता टकलासारखा दिसून राह्यला. अक्षर गेलं तिथं चांदी गेली. चांदी गेली तिथं वजन गेलं. मग भाईदासभाऊंचा तोळा तोळा राह्यला का पाऊण तोळा?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मथुराबाईंनी पारडं खाली ठेवलं.

“लीलाधरभाऊ, टक्कल तुमचंबी पडलं. तुम्ही पाऊण झाले का?”

बायका हसल्या आणि लीलाधरही हसले. पण जाताना ते म्हणाले, “मी आपला भल्यासाठी बोललो. सरकारी तपासणी करून घ्या एकदा. भाईदासभाऊंचं नाव आहे, उगाच कोणी बोट दाखवायला नको.” बोट दाखवून झाल्यावर असं म्हणायची त्यांची पद्धतच होती.

नऊ वर्षांत मथुराबाईंनी एकच गोष्ट जपली होती. ती म्हणजे दुकान नव्हे, रुपयाही नव्हे. कोणी ‘भाईदासने कमी तोललं’ असं म्हणू नये, एवढीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा एका बाईने पुडी हातात घेऊन ती हलकेच वरखाली करून पाहिली. बोलली काही नाही. मथुराबाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांचा मुलगा दिगंबर जिनिंगच्या कचेरीत कारकून होता. त्याला एकच व्यसन होतं, अर्ज करण्याचं. नळ, रस्ता, रेल्वेचं वेळापत्रक, पोस्टाच्या पेटीचा रंग, सगळ्यावर त्याने अर्ज केले होते. एक्केचाळीस अर्जांपैकी एकाचंही उत्तर आलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याचा उत्साह टिकून होता. लीलाधरचं बोलणं त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी कुठूनसं एक पत्रक पैदा केलं.

“माय, ऐक. ‘नाणी परीक्षण कक्ष. जुन्या नाण्यांचा दर्जा ठरवून अधिकृत दाखला मिळेल. शुल्क दहा रुपये.’ दर्जे पाच आहेत. उत्कृष्ट, उत्तम, बरे, झिजलेले आणि धातू.”

“धातू म्हणजे?”

“म्हणजे नाणं म्हणून काही उरलं नाही. नुसता धातू.”

“आणि हा रुपया आहे का नही हे सांगायचे ते दहा रुपये घेतील?”

“पण माय, उत्कृष्ट निघाला तर मुंबईचे शौकीन लोक पाचशेसुद्धा देतात. आपल्या टांकसाळीचा आहे, मजाक आहे का?”

“निघाला उत्कृष्ट. मग?”

दिगंबरने पत्रक उलटं करून बारीक अक्षरं वाचली. “मग तो पाकिटात घालून, सरकारी लाख लावून परत देतील. पाकीट उघडलं की दर्जा रद्द.”

“मग मी तोलू कशाने?”

“पाकिटासकट तोल.”

“लाखेचं वजन हिंगात धरू का रे?”

दिगंबरने पत्रक पुन्हा सुलटं केलं. मथुराबाईंनी जायफळावरची माशी उडवली.

“आणि धातू निघाला तर?”

“तर... कोणाला सांगायचं नाही.”

“दहा रुपये देऊन जे कोणाला सांगायचं नही, ते मले फुकट माहीत आहे. आत चल.”

आत देवघरापुढे त्यांनी एक लहानशी थैली सोडली. थैलीत गुंजा होत्या, काळ्या टोकाच्या लालभडक बिया. शहाण्णव गुंजांचा एक तोळा, हे सराफाच्या पोरालाही पाठ असतं. त्यांनी एका पारड्यात शहाण्णव गुंजा मोजून टाकल्या आणि दुसऱ्यात रुपया ठेवला. गुंजांचं पारडं खाली गेलं. एक गुंज काढली. दोन, तीन, चार काढल्या. पारडं अजून किंचित खाली. मग त्यांनी अडकित्त्याने एक गुंज मधोमध कातरली आणि अर्धी बाजूला काढली. काटा सरळ उभा राहिला.

“साडेचार,” मथुराबाई म्हणाल्या. “मागल्या सालच्या दिवाळीले सव्वाचार होती.”

दिगंबरने बाजूला काढलेल्या गुंजा पुन्हा मोजल्या. “म्हणजे आपण एकोणचाळीस वर्षं लोकांना कमी...”

“तोंड आवर. मी तोलल्यावर काय करते?”

“पुडी बांधते.”

“त्याच्या आधी?”

दिगंबरने आठवून पाहिलं. जन्मापासून तो ते पाहत आला होता, म्हणून ते त्याला कधी दिसलंच नव्हतं. काटा सरळ झाल्यावर आई डब्यात दोन बोटं घाली आणि चिमूटभर हिंग वर टाकी. आधी वडील टाकत. गिऱ्हाइकांना ती मेहेरबानी वाटे.

“चिमूट,” तो म्हणाला.

“हा. लक्ष्मीपूजनाले रुपया घासला का तुझे बाबा रात्री गुंजा घेऊन बसत. जितका रुपया कमी झाला, तितकी चिमूट वाढवत. आधी अर्ध्या गुंजेची होती. आता पाच गुंजांची आहे. अर्धी गुंज देवाच्या नावाने जास्त.”

“मग घासायचाच कशाला रुपया?”

मथुराबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने आंघोळच कशाला करायची असं विचारलं होतं. “लक्ष्मीपुढे मळका ठेवू?”

“आणि हे कोणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर लोक चिमूट मोजून घ्यायले लागले असते. मग चिमुटीलेबी वजन लागलं असतं.” त्यांनी गुंजा थैलीत भरल्या. अर्धी गुंजही भरली. “तुझ्या त्या पाच दर्जांत चिमूट कुठे लिहितात का?”

“नाही.”

“मग नही पाठवायचा.”

अशा तऱ्हेने रुपया तपासणीला न पाठवण्याचं ठरलं, आणि गोष्ट इथे संपली असती. पण पत्रकात एक वाक्य होतं, ‘कोणीही शुल्क भरून परीक्षणाची मागणी करू शकेल.’ कोणाच्या नाण्याची, हे लिहायचं राहून गेलं होतं. लीलाधरभाऊंनी दहा रुपये भरले.

आठ दिवसांनी नाणे परीक्षक दत्तात्रयराव दौऱ्यावर आले आणि घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरले. त्यांची कचेरी तेव्हा अर्धी नागपूरला, अर्धी वाटेत आणि अर्धी भोपाळला होती. तीन अर्धे कसे, असं कोणी विचारलं तर ते म्हणत, “वरून तसंच आलंय.” माणूस सालस होता. गळ्यात दोरीने भिंग बांधलेलं, काखेत नियमांचं पुस्तक. ओट्याजवळ येताच त्यांना हिंगाने सात शिंका आल्या. आठवी त्यांनी सरकारी इतमामाने आवरली.

मागे लीलाधर होते, आणि लीलाधरच्या मागे अर्धा बाजार.

“बाई, रुपया दाखवता का?”

“दाखवते. देत नही.”

त्यांनी तळहातावर रुपया धरला. दत्तात्रयरावांनी भिंग लावून तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिला. मग हळूच म्हणाले, “वा. काय पाडलाय हो. हे ‘बुऱ्हाण’ बघा, कसं बसवलंय.” त्यांचा चेहरा एकदम बारा वर्षांच्या पोरासारखा झाला. मग त्यांना नोकरी आठवली. “पण झीज फार आहे. चेहऱ्यावरून सांगायचं तर झिजलेले. वजन फार कमी भरलं तर मात्र धातू.”

“तोला की मग!” लीलाधर म्हणाले. “माझं सरकारी शिक्क्याचं वजन आणलं आहे मी.”

“तोलायची गरज नही,” मथुराबाई म्हणाल्या. त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. दुकानात उभं राहायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्या एवढ्या उंच आहेत हे बाजाराला त्या दिवशीच कळलं. “रुपया साडेचार गुंजा कमी आहे. माझ्या मालकाले माहीत होतं, मले माहीत आहे, आता तुम्हाले माहीत झालं.”

लीलाधरभाऊंना इतक्या लवकर जिंकायची तयारी नव्हती. ते नुसतेच “पाहा, पाहा” म्हणाले.

“पाहायचंच आहे. लीलाधरभाऊ, टाका तुमचा पितळी तोळा त्या पारड्यात.”

त्यांनी टाकला. मथुराबाईंनी रुपया मुठीत घेतला, दुसऱ्या हाताने डब्यातून हिंग काढला आणि डोळ्यांनी मापून दुसऱ्या पारड्यात ठेवला. पारडं किंचित वरच राहिलं. साडेचार गुंजा वर, कमी नाही की जास्त नाही. मग त्यांनी डब्यात दोन बोटं घातली आणि चिमूट टाकली. हिंगाचं पारडं सावकाश खाली आलं, पितळी तोळ्याच्या बरोबरीला आलं, आणि अर्ध्या गुंजेने आणखी खाली जाऊन तिथे थांबलं.

“हा भाईदासचा तोळा,” मथुराबाई म्हणाल्या. “रुपया एका हातात, चिमूट दुसऱ्या हातात. तुम्ही एकच हात तपासायले आले.”

मागून कोणीतरी “वाह रे माय!” असं ओरडलं. पुडी वरखाली करून पाहणारी ती बाई पुढे आली आणि म्हणाली, “मले एक तोळा द्या.” घरी तिच्याकडे भरपूर हिंग होता.

दत्तात्रयरावांनी भिंग पुसलं. “बाई, तुमचा शब्द मला मान्य आहे. माझ्या बापाने असा हिंग कधी खाल्ला नसेल. पण शुल्क भरलं गेलंय, पावती फाटली आहे. रुपया भोपाळला न्यावाच लागेल. तिथे दर्जा लागेल, लाख लागेल, आणि परत येईल.”

“केव्हा?”

“कचेरीच्या खुर्च्या सापडल्या की.”

“आणि त्याच्यावर धातू लिहिलं तर?”

“लिहावं लागेल बाई. चिमुटीचा रकाना नाही.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी हात पुढे केला.

मथुराबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग लीलाधरकडे, मग मुठीतल्या रुपयाकडे. शेजारी पाण्याचा तांब्या होता. पुढे जे झालं ते झालेलं नाही, हे वर सांगितलंच आहे. एवढंच म्हणता येईल की दिगंबर “माय!” असं ओरडला, तांब्या रिकामा झाला, आणि मथुराबाई पदराने तोंड पुसत पुन्हा डब्यामागे बसल्या.

“न्या आता भोपाळले,” त्या म्हणाल्या. “पण मी येणार नही.”

दत्तात्रयरावांनी तिथेच नियमांचं पुस्तक उघडलं. नाणं हरवल्याचं कलम होतं, चोरीला गेल्याचं होतं, उंदराने नेल्याचंही होतं. पण हे हरवलं नव्हतं. कुठे आहे ते साऱ्या बाजाराला माहीत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘सदर नाणे आढळून आले नाही.’ जाताना त्यांनी दोन तोळे हिंग घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. म्हणे त्या डब्यात दुसरं कोणी बसलं नाही.

“वहिनी, माझे दहा रुपये?” लीलाधरनी क्षीण आवाजात विचारलं.

“बसा इथे. निघाला की सांगते.”

डॉक्टर म्हणाले, केळी खायला घाला, येईल बाहेर. बुऱ्हाणपुरात याहून सोपा इलाज नाही. दुपारपर्यंत शेजाऱ्यांनी फण्या आणल्या, आणि तिसऱ्या दिवशी जवळच्या फोपनार गावाहून मथुराबाईंच्या भावाने, सुकलालने, बैलगाडीतून अख्खे चार घड पाठवले. मथुराबाईंनी एकाही केळाला हात लावला नाही. “मी घेतला तो परत द्यायले घेतला नही,” त्या म्हणाल्या. ती केळी सगळ्या गल्लीने खाल्ली. आठवडाभर लीलाधरसुद्धा खात होते.

दुकान चालू राहिलं. पारड्यात आता काही नसे. मथुराबाई हाताने हिंग काढत, चिमूट टाकत आणि पुडी बांधत. कोणी पुडी वरखाली करून पाहिली नाही.

तीन महिन्यांनी भोपाळहून पाकीट आलं. दिगंबरच्या आयुष्यातलं हे पहिलं सरकारी उत्तर, आणि तेही त्याने अर्ज न करता आलेलं. त्याने ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग फोडलं. पत्र हिंदीत होतं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

“काय म्हणतात?”

“म्हणतात की रुपया सापडला नाही, म्हणून असा रुपया नव्हताच असं मानून प्रकरण बंद करत आहोत.”

“नव्हताच?”

“कागदावर नव्हता.”

“मग तीस वर्षं तुझ्या बापाने काय वारा तोलला?” मथुराबाईंनी डब्याचं झाकण लावलं. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना, पहिल्यांदाच. “अर्ज लिही.”

“माय, बेचाळिसावा आहे. उत्तर नाही येणार.”

“उत्तर कोण मागून राह्यलं? लिही. आणि मराठीत लिही.”

“भोपाळला मराठी कोण वाचेल?”

“रुपयावरची फारसी आम्ही कुठे वाचत होतो? तोललं ना तरी?”

दिगंबरने टाक शाईत बुडवला. आई सांगत गेली आणि तो ते सरकारी भाषेत बसवत गेला. मधे दोनदा भांडण झालं. शेवटी जे पोस्टात पडलं ते असं:

‘प्रति, मा. प्रमुख साहेब, नाणी परीक्षण कक्ष, भोपाळ. विषय: आढळून न आलेल्या रुपयाच्या हयातीबाबत.

महोदय, आपल्या पत्रात सदर रुपया नव्हताच असे म्हटले आहे. तो आहे. अर्जदार जिथे जाते तिथे तो जातो. तो साडेचार गुंजा कमी असून ती कमी अर्जदाराचे यजमान कै. भाईदास यांनी चिमटीने भरून काढलेली आहे, यास सर्व बाजार साक्ष आहे. सबब विनंती की, आपल्या दर्जांच्या यादीत ‘धातू’ या शब्दाच्या खाली ‘चिमूट’ असा सहावा दर्जा तातडीने घालण्यात यावा. अर्जदाराच्या उजव्या हाताची दोन बोटे नवीन राज्यात प्रमाणित वजन म्हणून मान्य करून त्यांवर सरकारी शिक्का मारण्यात यावा, मात्र लाख लावू नये, कारण हिंग काढावा लागतो. आणि रुपयाची फेरतपासणी तो सध्या आहे त्याच जागी, त्यास न हलवता, अर्जदार दुकानावर बसलेली असताना करण्यात यावी. तपासनीसांनी येताना तराजू घेऊन यावे. वजन अर्जदाराकडे आहे.’